धंदा वर्गात शिकता येतो का?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी सारी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे लघुउद्योगांना कर्ज देण्याच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थांची बोलावणी येऊ लागली. मुलांच्या ‘बिझनेस प्लॅन’ची स्पर्धा आहे, परीक्षक म्हणून या, बँक कर्जाचे प्रकरण कसे तपासते ते मुलांना सांगा, वगैरे. त्या निमित्ताने मुले भेटतात, तसे त्यांचे पालकही भेटतात. आणि पालक, त्यातही वडील, जरा बाजूला घेऊन बहुतेक वेळा एकच गोष्ट बोलतात. ‘‘साहेब, एम.बी.ए.ला घातलं ते चांगली नोकरी लागावी म्हणून. कर्ज काढलंय. आता चिरंजीव म्हणतात, स्टार्टअप काढणार. कॉलेजच त्याला नादी लावतंय. धंदा काय असा वर्गात बसून शिकता येतो?’’

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे धंदा पेढीवर बसून शिकायचा, बापाच्या नाहीतर मामाच्या हाताखाली शिकायचा, अशी रीत. ज्याच्या घरात पेढी नाही त्याने नोकरी धरायची. व्यवस्थापनाच्या शाळा निघाल्या त्याही मुळात नोकरीसाठीच, म्हणजे मोठ्या कंपन्यांना व्यवस्थापक पुरवण्यासाठी. ‘नवा धंदा कसा उभारावा’ हा विषय तिथे फार उशिरा आला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये मायल्स मेस या प्राध्यापकांनी १९४७ साली तो पहिल्यांदा शिकवला. वर्गात १८८ विद्यार्थी होते आणि त्यांतले बरेचसे महायुद्धावरून परतलेले होते. त्याच संस्थेतले दुसरे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांनी आदल्याच वर्षी, १९४६ मध्ये, नव्या उद्योगांत भांडवल घालणारी एक कंपनी काढायला पुढाकार घेतला होता. त्या कंपनीने १९५७ मध्ये दोन तरुण इंजिनिअरांच्या हातावर सत्तर हजार डॉलर ठेवले. त्यातून ‘डिजिटल इक्विपमेंट’ ही संगणकांची बलाढ्य कंपनी उभी राहिली. आज ज्याला आपण व्हेंचर कॅपिटल म्हणतो, त्याच्या मुळाशी असा एक मास्तर आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपल्याकडे ही लाट यायला विसावे शतक सरत यावे लागले. मुंबईच्या आय.आय.टी.त विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये ‘ई-सेल’ काढला. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, एन. एस. राघवन यांच्या नावाचे केंद्र बंगळूरच्या आय.आय.एम.मध्ये २००० साली सुरू झाले. अहमदाबादच्या आय.आय.एम.चे केंद्र २००२ चे आणि मुंबई आय.आय.टी.चे ‘साइन’ २००४ चे. पुढे आपल्या राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी एक स्वतंत्र संचालकच नेमायची तरतूद केली. नाव भारदस्त आहे. कामाचा दर्जा मात्र विद्यापीठागणिक वेगवेगळा, हेही सांगून टाकतो.

या केंद्रांना ‘इन्क्युबेटर’ म्हणतात. हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटलेला आहे. एक पोल्ट्रीत अंडी उबवायचे यंत्र, दुसरे दवाखान्यात कमी दिवसांच्या बाळाला ठेवतात ती काचेची पेटी. मला दुसरा अर्थ जास्त जवळचा वाटतो. पेटीत बाळाला ऊब मिळते, जंतूंपासून बचाव होतो, पण श्वास त्याचा त्यालाच घ्यावा लागतो. केंद्र तरी काय देते? बसायला जागा, इंटरनेट, वकील आणि सनदी लेखापालाचा सल्ला, थोडे बीजभांडवल, चार अनुभवी माणसांच्या ओळखी. यासाठीचा पैसा बराचसा केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून येतो. कंपन्यांनी सामाजिक दायित्वापोटी जो निधी खर्च करायचा असतो, तोही मान्यताप्राप्त इन्क्युबेटरला देता येतो.

पण जागा आणि इंटरनेट तर भाड्यानेही मिळते. बिझनेस स्कूलने त्याहून वेगळे काय द्यायचे, ते एका उदाहरणाने सांगतो.

पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेतला हा गट. दोन मुली, एक मुलगा. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना घरगुती जेवणाचा डबा, मोबाइलवरून मागणी, अशी कल्पना. पडद्यावर तक्ते देखणे. दोनशे चाळीस विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतलेली आणि दहातले नऊ म्हणतात, आम्ही डबा घेऊ. बँकेत मी असे अहवाल पुष्कळ पाहिले होते. ‘घेऊ’ म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यांच्या मार्गदर्शक बाई माझ्याहून खमक्या निघाल्या. त्या म्हणाल्या, ‘‘पुढच्या शनिवारपर्यंत वीस जणांकडून दोनशे-दोनशे रुपये आगाऊ घेऊन या. डबा नंतर द्या, पावती आत्ता द्या.’’

शनिवारी तिघे उतरलेल्या चेहऱ्याने आले. वीसपैकी तिघांनी पैसे दिले होते. पण बाईंनी त्यांना आणखी एक काम सांगितले होते. जो नाही म्हणेल त्याचे कारण त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचे. ती वही आम्ही वाचू लागलो. कुणाला मेस परवडते, कुणी आधीच महिन्याचे पैसे भरलेत, कुणाचे काही. आणि मधूनमधून एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते : रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा फार हाल होतात. पुण्यात शिकलेल्या कोणालाही हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

झाले, आराखडा बदलला. रोजचा डबा रद्द. फक्त रविवार संध्याकाळ, फक्त एक पदार्थ. कधी थालीपीठ-लोणी, कधी पुलाव-कढी. जवळपासच्या तीन काकू रांधणार. अन्नसुरक्षेची नोंदणी झाली, संस्थेच्या निधीतून पंधरा हजार रुपये परतबोलीवर मिळाले. पहिल्या रविवारी सतरा डबे गेले, सत्र संपता संपता नव्वदच्या वर. ॲप तयारच झाले नाही. फोनवर आणि वहीतच काम भागले.

इथे गोष्ट संपवली असती तर ती वर्तमानपत्रातल्या यशोगाथेत बसली असती. पण बाईंनी त्यांना बारा महिन्यांचा रोख-आवकजावकेचा तक्ता मांडायला लावला. एप्रिलमध्ये परीक्षा. मे आणि जूनमध्ये वसतिगृहे ओस. दिवाळीचे तीन रविवार कोरे. महिन्यातून चारच दिवस काम, म्हणून काकूंनाही त्यात फार रस नाही. स्टीलचे डबे परत येत नाहीत, प्लास्टिकचे महाग पडतात. नफा होता, पण तो तीन पोटांना पुरणारा नव्हता. हा तक्ता मांडेपर्यंत तिघांपैकी एकालाही ते कळले नव्हते. नंतर दोघांनी कॅम्पसमधून नोकरी घेतली. एका मुलीने तेच तीन काकूंचे स्वयंपाकघर एका कंपनीच्या रात्रपाळीला जोडून दिले. तिचे चालू आहे.

पेढीवर हा धडा मिळतोच, पण तिथे त्याची फी मोठी असते. कोणी आईचे दागिने गहाण टाकून शिकतो, कोणी बँकेची थकबाकी डोक्यावर घेऊन. अशी माणसे मी टेबलापलीकडे बसलेली पाहिली आहेत. पंधरा हजारांत आणि एका सत्रात तोच धडा मिळत असेल, तर त्याला मी स्वस्त म्हणतो.

हे ‘आधी गिऱ्हाईक, मग इमारत’ प्रकरण आज जगभर शिकवले जाते. त्याचे श्रेय बरेचसे स्टीव्ह ब्लँक यांना जाते. अनेक कंपन्यांत उमेदवारी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवू लागला. एका नव्या कंपनीत पैसे घालताना त्यांनी अट घातली की संस्थापकांनी माझ्या वर्गात येऊन बसायचे. त्यांतला एक विद्यार्थी म्हणजे एरिक रीस. ‘लीन स्टार्टअप’ हा शब्दप्रयोग पुढे त्यांच्याच पुस्तकामुळे घरोघर गेला. ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डला जो अभ्यासक्रम सुरू केला, त्यात विद्यार्थ्यांच्या गटाने दर आठवड्याला दहा-पंधरा संभाव्य गिऱ्हाइकांशी समोरासमोर बोलायचे असते. दहा आठवड्यांत शंभरेक मुलाखती. शास्त्रज्ञांच्या शोधांना बाजारपेठेची ओळख व्हावी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने त्याच वर्षी ही पद्धत उचलली.

बोस्टनजवळच्या बॅब्सन कॉलेजचा मार्ग आणखी सरळ आहे. तिथे पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलांचे गट पाडतात, कॉलेजच त्यांना काही हजार डॉलरपर्यंत कर्ज देते आणि वर्षभर खराखुरा धंदा चालवायला लावते. वर्ष संपताना दुकान बंद करायचे, कर्ज फेडायचे, उरलेला नफा समाजकार्याला द्यायचा. मला यात सर्वांत आवडते ते दुकान बंद करायला शिकवणे. हिशेब मिटवणे, देणी भागवणे, उरलेला माल विकणे. आपल्याकडे धंदा सुरू करायचा मुहूर्त असतो, बंद करायचा नसतो. माणसे वर्षानुवर्षे तोटा ओढत राहतात.

आता स्पर्धांविषयी. माझे निम्मे रविवार त्यांत जातात, म्हणून थोडे हक्काने बोलतो. प्रत्येक स्पर्धेत एक तरी गट उभा राहून सांगतो की भारतात इतके कोटी लोक आहेत, त्यांतले फक्त एक टक्का आमचे गिऱ्हाईक झाले तरी... हा एक टक्का आजवर कोणाच्या दारात आपणहून आलेला मी पाहिलेला नाही. तरीही चांगल्या स्पर्धेचा उपयोग असतो. शिकागो विद्यापीठाच्या बूथ बिझनेस स्कूलमध्ये १९९६ पासून अशी एक स्पर्धा चालते. ती एका दिवसाची नाही. ती अभ्यासक्रमालाच जोडलेली आहे; निवडलेले गट आठवडेच्या आठवडे आराखडा मांडतात, अनुभवी गुंतवणूकदार तो मोडून काढतात, गट पुन्हा मांडतात. हॉटेलातले जेवण घरपोच मागवायची ‘ग्रबहब’ ही कंपनी २००६ मध्ये तिथे पहिली आली. २०२१ मध्ये ती सात अब्ज डॉलरच्या वर किमतीला विकली गेली, आणि २०२४ मध्ये पुन्हा विकायचा सौदा झाला तेव्हा किंमत पासष्ट कोटी डॉलर ठरली. यशोगाथा छापणारे पहिला आकडा छापतात, दुसरा सहसा छापत नाहीत.

उलट बाजूही पाहा. चश्म्यांच्या व्यवसायात नाव काढणारी ‘वॉर्बी पार्कर’ ही कंपनी पेनसिल्व्हेनियाच्या व्हॉर्टन स्कूलमधल्या चार विद्यार्थ्यांनी शिकत असतानाच, २०१० मध्ये, सुरू केली. संस्थेच्या एका योजनेतून त्यांना मिळाले होते अडीच हजार डॉलर. त्यांच्याच प्राध्यापकांपैकी एक, ॲडम ग्रँट, यांनी गुंतवणूक करायला नकार दिला. कारण ही मुले सुट्टीत दुसरीकडे उमेदवारी करत होती, पदवीनंतरची नोकरीही त्यांनी हाताशी ठेवली होती. यांचा जीव धंद्यात नाही, असे त्यांना वाटले. पुढे ग्रँट यांनीच पुस्तकात ही हकिकत लिहून आपला अंदाज फसल्याचे सांगितले. हाताशी नोकरी ठेवणारा धंद्याला नालायक, हे गृहीतक चुकीचे होते. ही हकिकत मी मुलांपेक्षा पालकांनाच जास्त वेळा सांगतो.

बूथच्या त्या स्पर्धेचे प्रवर्तक स्टीव्हन कॅप्लन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर २००९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा, की गुंतवणूकदाराने पैसे घोड्यावर लावावेत की घोडेस्वारावर? म्हणजे धंद्याच्या कल्पनेवर, की ती मांडणाऱ्या माणसांवर? पन्नास कंपन्या त्यांनी पहिल्या आराखड्यापासून शेअर बाजारात येईपर्यंत तपासल्या. व्यवसायाची मूळ दिशा बहुतेकांची कायम राहिली, माणसे मात्र बरीच बदलली. तेव्हा स्वाराची तारीफ करताना घोड्याचे दात मोजायला विसरू नये. बँकेत आम्ही दोन्ही मोजायचो. पण आमच्याकडे तारण असायचे, हे कबूल केले पाहिजे.

एवढे सगळे शिकवून मुले खरोखर जास्त संख्येने उद्योजक होतात का? याची तपासणी झाली आहे आणि निष्कर्ष मजेदार आहेत. नेदरलँड्समधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून छोटी कंपनी चालवून घ्यायचा उपक्रम तपासला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की मुलांच्या कौशल्यात म्हणण्यासारखी वाढ झाली नाही आणि स्वतःचा धंदा काढायची इच्छा तर चक्क घटली. त्याच वर्षी जर्मनीतल्या म्युनिक विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या सक्तीच्या अभ्यासक्रमाचा निष्कर्ष आला. आपल्याला या विषयातले आता जास्त कळते, असे विद्यार्थी म्हणाले, पण धंदा काढायचा इरादा इथेही थोडा उतरला. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की वर्गात मुलांना स्वतःची परीक्षा होते. आपण या कामाचे आहोत की नाही, हे आधीपेक्षा नीट कळते.

मला हे अपयश वाटत नाही. ‘आमच्याकडून इतके स्टार्टअप निघाले’ असा फलक लावणाऱ्या संस्थेपेक्षा, ‘आमच्याकडे इतक्या जणांनी विचार करून नाद सोडला’ असे सांगू शकणाऱ्या संस्थेवर मी अधिक भरवसा ठेवीन. पण असा फलक कोण लावणार? क्रमवारीत गुण मिळतात ते निघालेल्या कंपन्यांचे.

आणि घाई कशाला? अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या नोंदी वापरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की हजारात एक अशा सर्वांत वेगाने वाढलेल्या कंपन्यांच्या संस्थापकांचे सुरुवातीचे सरासरी वय पंचेचाळीस होते. वसतिगृहाच्या खोलीत जग बदलणारी विशीतली पोरे असतात, नाही असे नाही, पण ती अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. आपल्या पवईच्या आय.आय.टी.तल्या मुलांनी २००७ मध्ये सुरू केलेली ‘आयडियाफोर्ज’ ही ड्रोन बनवणारी कंपनी घ्या. ‘साइन’मध्ये तिने ऊब घेतली. ‘थ्री इडियट्स’ या २००९ च्या चित्रपटात उडणारे यंत्र दिसले तेही त्यांचेच. पण शेअर बाजारात यायला तिला २०२३ उजाडावे लागले. सोळा वर्षे! आणि बाजारात आल्यावरही शेअरचा भाव पहिल्या दिवसाच्या उत्साहाइतका टिकला नाही.

म्हणजे प्रश्न उरतो तो मधल्या वर्षांचा. घरात पगार नसताना मुलाने तग कसा धरायचा? इथे संस्था एक फार व्यवहारी मदत करू शकते. अहमदाबादच्या आय.आय.एम.ने आणि तिच्यासारख्या आणखी काही संस्थांनी ‘प्लेसमेंट हॉलिडे’ची सोय केली आहे. पदवीनंतर मुलाने धंदा करून पाहायचा, नाही जमला तर ठरावीक मुदतीत परत येऊन कॅम्पसच्या मुलाखतींना बसायचे. माझ्या मते लाखभर रुपयांच्या बक्षिसापेक्षा ही सवलत मोलाची आहे आणि तिला संस्थेचा एक पैसा लागत नाही. छोट्या शहरांतल्या महाविद्यालयांनी ती का देऊ नये, मला समजत नाही. प्रवेश घेतानाच पालकांनी विचारावे.

इन्क्युबेटरमध्ये जागा घेताना दुसरी गोष्ट विचारावी, ती हिश्शाची. पुष्कळ केंद्रे मदतीच्या बदल्यात कंपनीचे काही टक्के समभाग घेतात. त्यात गैर काही नाही. गूगलचे मूळ तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मालकीचे होते, त्याच्या परवान्यापोटी मिळालेले समभाग विकून विद्यापीठाला सुमारे तेहतीस कोटी डॉलर मिळाले. पण किती टक्के, कशाच्या बदल्यात, आणि संस्थेची प्रयोगशाळा वापरून केलेल्या शोधाचे पेटंट कोणाच्या नावे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. मित्रामित्रांनी आपसातला करारही त्याच दिवशी लिहावा. डब्याच्या गटातले दोघे बाहेर पडले तेव्हा भांडण झाले नाही; कारण बाईंनी पहिल्याच महिन्यात त्यांच्याकडून एका कागदावर लिहून घेतले होते की जो सोडून जाईल त्याचा वाटा कामाच्या महिन्यांच्या हिशेबाने राहील.

शेवटी शैक्षणिक कर्ज. सगळ्यात जास्त झोप तेच उडवते. हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श योजनेत, विद्यार्थ्याने शिक्षणानंतर स्टार्टअप सुरू केला तर त्या उभारणीच्या काळापुरती हप्त्यांना स्थगिती देता येईल, अशी तरतूद आहे. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, आणि त्या काळातले व्याज चढतच राहते, तेही आधी मोजून घ्यावे. शाखेत जाताना इन्क्युबेटरचे पत्र, कंपनीच्या नोंदणीचा दाखला आणि बारा महिन्यांच्या आवकजावकेचा तक्ता बरोबर न्यावा. अर्ज लेखी द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घेऊन ती प्रत घरी जपून ठेवावी. हप्ता थकल्यावर गेलात तर काम अवघड होते. पहिला हप्ता यायच्या तीन-चार महिने आधी जावे.